सोळा नृत्यांचं पुस्तक

एक बाई कमरेतून पुढे वाकली आहे, इतकी की पाठ जवळजवळ जमिनीला समांतर झाली आहे. एक हात कपाळाशी गेलाय. एक पाय मागे उंच फेकलाय आणि त्या झटक्यासरशी पायघोळ झग्याचा घेर हवेत पंख्यासारखा उलगडलाय. तिच्यावर काहीतरी कोसळलं आहे, हे कळायला चेहरा वाचावा लागत नाही, झग्याचा घेरच ते सांगतो. ही बाई म्हणजे मार्था ग्रॅहम. नृत्य ‘लेटर टू द वर्ल्ड’, कवयित्री एमिली डिकिन्सनवर बेतलेलं. साल १९४०. आणि छायाचित्र बार्बरा मॉर्गन यांचं.

अमेरिकेतल्या आधुनिक नृत्याचा विषय निघाला की हे छायाचित्र हमखास पुढे येतं. छायाचित्रकार म्हणून मॉर्गनबाईंचं नाव मोठं आहेच. पण त्या पुस्तकं घडवणाऱ्याही होत्या. पानांची मांडणी करणाऱ्या, चित्रांचा क्रम लावणाऱ्या आणि घरच्या प्रकाशनसंस्थेच्या सहमालक. माझ्या मते त्यांची खरी थोरवी या दोन कामांच्या सांध्यात आहे.

मॉर्गनबाई माहेरच्या बार्बरा जॉन्सन. जन्म १९०० सालचा, कॅन्सस राज्यातला. वाढल्या मात्र दक्षिण कॅलिफोर्नियात, पीचच्या बागेत. जगातली प्रत्येक वस्तू नाचणाऱ्या अणूंची बनली आहे, असं वडिलांनी लहानपणी सांगितलेलं त्यांच्या मनात कायमचं बसलं. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात त्या चित्रकला शिकल्या, पुढे तिथेच शिकवू लागल्या. चित्रात प्राणाची लय खेळली पाहिजे, हे चिनी चित्रकलेचं पहिलं सूत्र त्यांना तिथे भेटलं. १९२५ साली त्यांनी विलर्ड मॉर्गन यांच्याशी लग्न केलं. विलर्ड लेखक आणि छायाचित्रकार होते. उन्हाळ्यात दोघं अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात भटकत. तिथे होपी आणि नावाहो लोकांची विधिनृत्यं त्यांनी पाहिली. कॅमेरा हाताशी होता, तरी बार्बरांचा जीव चित्रकलेतच होता. छायाचित्रण म्हणजे समोरचं टिपून घेणं, त्यात स्वतःचं काय, असं त्यांना वाटे.

हे मत फिरलं ते मुखवट्यांमुळे. १९३० साली मॉर्गन दांपत्य न्यूयॉर्कला आलं. त्यानंतर पेनसिल्व्हेनियातल्या बार्न्स फाउंडेशनच्या संग्रहातली आफ्रिकी शिल्पं आणि मुखवटे यांची छायाचित्रं काढण्याचं काम आलं. दिवा इकडचा तिकडे केला की तोच मुखवटा कधी उग्र दिसे, कधी शांत. प्रकाश कुठून येऊ द्यायचा हे ठरवणारा माणूस अर्थही ठरवतो, हे तिथे कळलं.

मग मुलं झाली, १९३२ साली पहिला आणि १९३५ साली दुसरा. चित्रकलेला लागणारे सलग तास हाती उरले नाहीत. छायाचित्रण कर, डार्करूमचं काम रात्री मुलं झोपल्यावर करता येईल, असं विलर्ड यांनी सुचवलं. पाळणा सांभाळून करता येईल अशी कला, म्हणून हा मार्ग निवडला गेला. हे मुद्दाम नोंदवावंसं वाटतं, कारण त्याच १९३५ साली बार्बरांनी मार्था ग्रॅहम यांचं नृत्य पाहिलं आणि पुढची काही वर्षं त्या कामाला वाहून घेतली.

बॅलेत प्रत्येक मुद्रेला नाव असतं, तिचा पूर्ण आकार ठरलेला असतो. तो आकार सिद्ध झाला की छायाचित्रकाराला आपला क्षण सापडतो. ग्रॅहम यांचं नृत्य बॅलेचे हे नियम बाजूला सारून उभं राहिलं होतं. पाय अनवाणी. हालचाल निघते ती पोटातून, श्वास सोडताना धड आकसतं आणि घेताना मोकळं होतं त्यातून. जमीन ही उडी मारून सोडून देण्याची जागा नाही, तिच्यावर कोसळणं हाही नृत्याचाच भाग. इथे ठरलेली मुद्रा नाही. मग कॅमेऱ्याची कळ दाबायची कधी?

मॉर्गन यांचं उत्तर धीराचं होतं. प्रयोग चालू असताना बसल्या जागेवरून छायाचित्रं घेण्याच्या वाटेला त्या गेल्या नाहीत. आधी नृत्य पुन्हा पुन्हा पाहायचं, मग काही काळ जाऊ द्यायचा. मनात जे क्षण आपोआप वर येत राहतील तेच त्या नृत्याचे खरे क्षण. मग नर्तकीला स्टुडिओत बोलवायचं, दिव्यांची रचना त्या क्षणाच्या भावाप्रमाणे करायची आणि तो क्षण कॅमेऱ्यासमोर पुन्हा नाचून घ्यायचा. नर्तकी नुसती स्तब्ध उभी राहत नसे, ती हालचाल खरोखर करत असे. दिसायला हे क्षणाचं काम, पण त्यामागे आठवणीची निवड असे.

‘लॅमेंटेशन’ हे १९३० सालचं एकल नृत्य घ्या. ग्रॅहम एका बाकावर बसलेल्या, अंगावर ताणल्या जाणाऱ्या कापडाची नळी. बाहेर दिसतात फक्त चेहरा, हात आणि पावलं. जवळजवळ सगळं नृत्य बसूनच होतं. मॉर्गन यांच्या छायाचित्रात त्या कापडाला पडलेल्या तिरप्या ताणरेषा पाहा. आतून कुणीतरी बाहेर पडू पाहतंय आणि कापड सुटत नाही. शोकाने माणूस जसा स्वतःच्याच कातडीत कोंडला जातो, तसं. प्रेक्षागृहातल्या मागच्या रांगेतून या रेषा दिसणं अवघड. पुस्तकात त्या हातभर अंतरावर येतात.

१९४१ साली न्यूयॉर्कच्या ड्युएल, स्लोन अँड पीअर्स या संस्थेने ‘मार्था ग्रॅहम : सिक्स्टीन डान्सेस इन फोटोग्राफ्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. चित्रांची निवड आणि मांडणी बार्बरांची होती. सोळा नृत्यं, आणि प्रत्येकाला स्वतःचा ओघ. एकेका नृत्यातले वेगवेगळे क्षण असे लागोपाठ येतात की पान उलटणाऱ्या हातालाही ताल सापडतो. सुटी छायाचित्रं कितीही उत्तम असली तरी भिंतीवर एकेकटी राहतात. ती ओवून त्यांचं नृत्य करणं हे पुस्तक घडवणाऱ्याचं काम, आणि ते इथे झालं आहे.

घरात छापखान्याच्या भाषेची सवय आधीपासून होती. १९३५ साली विलर्ड आणि हेन्री लेस्टर यांनी लायका कॅमेऱ्यावरचं ‘लायका मॅन्युअल’ काढलं. त्या उद्योगातूनच पुढे ‘मॉर्गन अँड मॉर्गन’ ही घरची प्रकाशनसंस्था उभी राहिली. छायाचित्रकारांच्या रोजच्या उपयोगाची पुस्तकं, अॅन्सेल अॅडम्स यांची तंत्रावरची माला, असा तिचा पसारा होता. १९५१ साली तिथूनच बार्बरांचं ‘समर्स चिल्ड्रन’ आलं, उन्हाळी शिबिरातल्या मुलांच्या दिवसांवरचं. १९५२ साली ‘अॅपर्चर’ हे छायाचित्रणाचं नियतकालिक सुरू करणाऱ्यांतही त्या होत्या. मर्स कनिंगहॅम, डॉरिस हम्फ्री, चार्ल्स वाइडमन, होजे लिमोन, पर्ल प्रायमस अशा अनेक नर्तकांची कामं त्यांनी टिपली. आधुनिक नृत्याच्या त्या पिढीची ही चित्रवहीच झाली.

नृत्याच्या पुस्तकांची गत ठाऊक असलेल्यांना १९८० या सालाचं मोल वेगळं सांगायला नको. अशी पुस्तकं महाग पडतात, आवृत्ती संपते, पुन्हा छापायला कुणी धजत नाही. ‘सिक्स्टीन डान्सेस’ मात्र त्या साली ‘मॉर्गन अँड मॉर्गन’ने पुन्हा आणलं. एव्हाना विलर्ड यांना जाऊन तेरा वर्षं झाली होती आणि बार्बरा ऐंशी वर्षांच्या होत्या. जिने ती छायाचित्रं घेतली, तिच्याच घराने ती पुढच्या पिढीच्या हाती दिली. चांगलं पुस्तक काढणं ही निम्मी प्रकाशकी, ते मरू न देणं ही उरलेली निम्मी. बार्बरा मॉर्गन यांच्या आयुष्यात दोन्ही पुरी झाली.

मार्था ग्रॅहम १९९१ साली गेल्या, बार्बरा मॉर्गन १९९२ साली. जुन्या पुस्तकांच्या दुकानात किंवा एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटात हे पुस्तक कधी दिसलंच, तर उभ्या उभ्या चाळू नका. खुर्ची ओढून बसा आणि एका बैठकीत एकच नृत्य पाहा.