दिल्लीच्या घरातील ऑर्किड आणि त्याची दुखणी

वैशाख सरता सरता सह्याद्रीच्या रानात सीतेची वेणी फुलते. जुन्या झाडाच्या खोडावरून लोंबणारा तो गुलाबी-पांढरा घोस ज्याने पाहिला असेल, त्याला ऑर्किड म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. आसामात हेच फूल ‘कपौ’ या नावाने ओळखले जाते आणि बिहूच्या नृत्यात तेथील मुली ते केसांत माळतात. पुष्कळांचा समज असा की, ही वनस्पती म्हणजे एक प्रकारचे बांडगूळ. तो समज बरोबर नाही. बांडगूळ आश्रयदात्या झाडाचा रस शोषून घेते. ऑर्किड त्याच्याजवळ केवळ बसावयास जागा मागते. त्याची मुळे हवेत लोंबत असतात आणि त्यांच्यावर स्पंजासारखे पांढुरके आवरण असते. सर आली की ते आवरण पाणी टिपून हिरवे दिसू लागते. वारा सुटला की पुन्हा वाळून पांढरे होते. भिजावे आणि लवकर वाळावे, हाच या मुळांचा जीवनक्रम होय. घरातील ऑर्किडच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ या क्रमाच्या भंगात सापडते.

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा येथील घरांतून आता ऑर्किडच्या कुंड्या सर्रास दिसतात. त्यांतही पतंगाच्या पंखांसारख्या पाकळ्यांचे फॅलेनॉप्सिस अधिक. कालिंपोंगच्या डोंगरउतारावरून किंवा दक्षिणेकडील हरितगृहांतून आलेले हे झाड एकाच वर्षात तीन निरनिराळ्या हवा भोगते: ज्येष्ठातली लू, श्रावणातला दमटपणा आणि पौषातले धुके. बीजापासून पहिल्या फुलापर्यंत यावयास ऑर्किडला जातीपरत्वे तीन ते सात वर्षे लागतात. इतक्या काळाची ही मिळकत पुष्कळदा रोगाने नव्हे, तर चुकीच्या उपचाराने आठवड्याभरात नष्ट होते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मरगळलेली, सुरकुतलेली पाने. पाहणाऱ्याला वाटते, झाडाला तहान लागली. तो पाणी घालतो. पाने अधिकच सुकतात; तो आणखी पाणी घालतो. वास्तविक पानाची सुरकुती एवढेच सांगते की, पाणी पानापर्यंत पोहोचत नाही. कुंडीत पाणी नसले तरी असे होते, आणि पाण्यानेच मुळे कुजली असली तरीही असेच होते. दोन्ही दुखण्यांचे उपाय परस्परविरुद्ध आहेत, म्हणून अशा वेळी पानाकडे न पाहता मुळांकडे पाहावे. झाड अलगद कुंडीबाहेर काढून मूळ दोन बोटांत दाबावे. निरोगी मूळ टणक लागते. कुजलेले मूळ तपकिरी असते, दाबताच पिचते आणि त्याची साल निघून आत दोऱ्यासारखी शीर तेवढी हाती राहते. अशी मुळे कापून टाकून झाड कोळसा, झाडाची साल आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे यांच्या कोरड्या, नव्या मिश्रणात लावावे. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावण्याची पद्धत आहे. पानावरच्या जखमेला ती चालते, मुळांना मात्र लावू नये. ती निरोगी मुळेही सुकवते.

पानावर डाग दिसला तर औषधाची बाटली शोधण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. पहिला, हा डाग वाढतो आहे काय? डागाच्या कडेला शाईने बारीक खूण करून दोन-तीन दिवस वाट पाहिली की उत्तर मिळते. पश्चिमेच्या खिडकीतल्या उन्हाने भाजलेला डाग फिकट, मग तपकिरी होऊन वाळतो आणि जेथल्या तेथे राहतो. रोगाचा डाग खूण ओलांडून पुढे सरकतो. दुसरा प्रश्न, नखाने खरवडल्यास तो निघतो काय? निघाला तर तो डाग नसून खवले कीड आहे. ही कीड पानाच्या मागे, शिरेच्या कडेने, इवल्याशा टोपीखाली निश्चल बसलेली असते. तिच्या एका सामान्य जातीतील नरांचे पुंजके कापसासारखे पांढरे दिसतात आणि पाहणारा त्यांना बुरशी समजून बुरशीनाशक फवारीत बसतो. पिठ्या ढेकूणही पांढराच, परंतु तो पानांच्या बेचक्यांत दडतो आणि काडीने डिवचल्यास हळूहळू चालू लागतो. दोन्हींवर स्पिरिटात बुडवलेला कापसाचा बोळा पुरतो; मात्र अंड्यांतून नवी पिले निघत असल्याने आठवड्याच्या अंतराने तो उपाय तीन-चार वेळा करावा लागतो.

दिल्लीत आणखी एक फसगत संभवते. कार्तिकात शहरावर धुराची चादर पसरली की पानांवर काजळी बसते. पिठ्या ढेकणाच्या चिकट स्रावावर वाढणारी काळी बुरशीही तशीच दिसते. धुराची काजळी सर्व पानांवर सारखी पडते आणि ओल्या फडक्याने पुसली जाते. बुरशीची काळी पुटे चिकट असतात, आणि त्यांच्या वरच्या पानाच्या पाठीवर बहुधा कीड सापडते. फुलाच्या दांड्यावर मधासारखे स्वच्छ थेंब दिसले आणि कीड कोठेच नसली, तर काळजीचे कारण नाही. झाड स्वतःच ते थेंब सोडते.

उन्हाळ्यात हवा कोरडी ठणठणीत होते. वातानुकूलन यंत्र ती आणखी कोरडी करते. त्या मानाने खसच्या ताट्यांचा जुना कूलर ऑर्किडला मानवतो. या कोरडेपणात लाल कोळी बोकाळतो. तो नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो, म्हणून पानाची पाठ पांढऱ्या कागदाने पुसावी; कागदावर तांबूस रेघ उठली की शंका फिटते. पानाला आलेली रुपेरी, खरबरीत छटा ही त्याच्या रसशोषणाची खूण. साध्या कीटकनाशकांना कोळी दाद देत नाही, कारण तो कीटक नव्हेच. पान दोन्ही बाजूंनी वारंवार धुणे आणि संध्याकाळी निंबोळी तेल फवारणे अधिक हितावह.

पानांची टोके काळी पडणे आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर धरणे, हे मात्र पाण्याचे दुखणे. राजधानीभोवतीच्या पुष्कळ वसाहतींत कूपनलिकेचे खारट पाणी येते. त्यात, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांना घालणारी काटकसरी मंडळी थोडी नाहीत. त्या पाण्यात तर क्षार मूळ पाण्याहूनही अधिक साठलेले असतात. फरशी पुसावयास ते उत्तम, ऑर्किडला मात्र ते घातक. पावसाचे पाणी साठवता आले तर त्यासारखे दुसरे नाही.

पाऊस सुरू झाला की कुजीचे दिवस येतात. येथे दिरंगाई परवडत नाही. जिवाणूंची मऊ कूज पान पाण्याने भरल्यासारखे करते, तिला दुर्गंधी येते, आणि दोन-तीन दिवसांत सारे झाड खचू शकते. काळी कूज जांभळट-काळी असून तिची कड पिवळी असते. पाण्यातून तरंगत जाणाऱ्या बीजुकांनी ती शेजारच्या कुंडीत शिरते. दोन्हींत रोगट भाग निरोगी भागासह इंचभर कापून टाकावा, पाणी तोडावे आणि झाड एकटे ठेवून पंख्याचा मंद वारा द्यावा. फॅलेनॉप्सिसच्या शेंड्याच्या बेचक्यात पाण्याचा थेंबही साचू देऊ नये.

हिवाळ्यात रात्रीचे तापमान पाच अंशांच्या आसपास उतरते. खिडकीच्या थंडगार काचेला टेकलेल्या किंवा नळाचे गार पाणी पडलेल्या कोवळ्या पानावर पुढे खळगे उमटतात. ते पुष्कळदा काही आठवड्यांनी दिसत असल्याने कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

राहता राहिले विषाणू. जगभरच्या ऑर्किडांत सर्वाधिक आढळणारे दोन, सिंबिडियम मोझेक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट, यांवर उपाय नाही. पानावर फिके-गडद पट्टे, काळ्या खोलगट रेघा, पाकळ्यांत फुटलेला रंग ही त्यांची लक्षणे. परंतु कित्येक झाडे बाहेरून निरोगी दिसत असतानाही विषाणू बाळगतात. म्हणून नुसत्या डोळ्यांनी निदान करू नये, प्रयोगशाळेत चाचणी करावी. दिल्लीत भारतीय कृषि संशोधन संस्थेत वनस्पतींच्या विषाणूंचा अभ्यास फार वर्षांपासून चालत आला आहे. 1905 मध्ये बिहारातील पुसा येथे स्थापन झालेली ही संस्था 1934 च्या भूकंपानंतर 1936 मध्ये दिल्लीस आली आणि येताना गावाचे नावही घेऊन आली. हा रोग झाडाझाडांत पसरतो तो मुख्यतः माळ्याच्या कात्रीने. प्रत्येक झाडाला हात लावण्यापूर्वी पाते ज्योतीवर तापवून घ्यावे, आणि पाने पुसण्याचे फडकेही वेगळे ठेवावे. विषाणू ठरला की ते झाड, कितीही फुललेले असले तरी, जाळून टाकावे. त्याचा फुटवा शेजारी भेट म्हणून तर मुळीच पाठवू नये.