तुंबलेली टपालपेटी

गेल्या ज्येष्ठांत आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलीनें अमेरिकेहून मला ई-मेलनें पत्र धाडलें, तें जसेंच्या तसें तिच्याकडे परत गेलें. काकांची पेटी भरली असून तींत आतां जागा उरली नाहीं, असें कारण तिला कळविण्यांत आलें. तिनें लागलीच दूरध्वनि करून विचारलें, "काका, तुम्हांला इतकीं पत्रें लिहितें तरी कोण?" प्रश्न रास्त होता. निवृत्त शिक्षकास पत्रें लिहिणारे असे किती असणार? चिरंजीवांस शेजारीं बसवून मीं मोजदाद केली, तों न उघडलेलीं पत्रेंच ११,६४२ निघालीं!

या पत्रप्रकारास कोणी कोणी 'विपत्र' म्हणतात. संस्कृतांत विपत्र म्हणजे ज्याचीं पानें गळून गेलीं आहेत असा वृक्ष. आमच्या वृक्षाचें एकहि पान गळलें नव्हतें, हेंच तर दुखणें! तेव्हां घरांत सर्वांच्या तोंडीं असलेला 'ई-मेल' हाच शब्द येथें चालवितों.

हा पत्रव्यवहार फार पुरातन नव्हे. १९७१ सालीं रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्यानें जाळ्यांतील एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडलें, आणि पत्त्याच्या मध्यभागीं आपण जें वाटोळें चिन्ह लिहितों तेंहि त्यानेंच योजिलें. पुढें सातच वर्षांनीं, मे १९७८ मध्यें, एका संगणक-कंपनीच्या विक्रेत्यानें सुमारें चारशें लोकांस न मागतां जाहिरात पाठविली. म्हणजे या व्यवहाराचें कृतयुग अवघीं सात वर्षें टिकलें! कारण उघड आहे. पोस्टकार्डास पैसे पडत, म्हणून लिहिणारा दोनदां विचार करी. येथें एक पत्र धाडणें आणि लाख पत्रें धाडणें यांच्या खर्चांत म्हणण्यासारखा फरक नाहीं. पूर्वीं भार धाडणाऱ्याच्या खिशावर असे, तो आतां वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर आला.

असो. पत्र उघडलें नाहीं म्हणजे तें जागा अडवीत नाहीं, अशी माझी भाबडी समजूत होती. माझें खातें जीमेलचें. तेथें विनामूल्य मिळालेली जागा १५ गिगाबाइट. परंतु पत्रें, ड्राइव्हमध्यें ठेविलेले कागद आणि फोटो या तिघांचा तींत एकत्र संसार आहे. नातवाच्या मुंजीचीं चलच्चित्रें तेथें पाय पसरून बसलीं होतीं, आणि त्यामुळें पुतणीच्या चार ओळींस दाराशीं थांबावें लागलें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको. नुसत्या अक्षरांचें ओझें फार थोडें. जड असतात तीं सोबत जोडलेलीं चित्रें व पुस्तिका. शोधाच्या चौकटींत आकार घालून दहा मेगाबाइटांहून मोठीं पत्रें तेवढीं पुढें मागवितां येतात. प्रारंभ तेथूनच करावा.

मीं मात्र तीन दिवस भलतेंच केलें. 'अर्काइव्ह' नांवाची कळ दाबून पत्रें दृष्टीआड करीत बसलों, आणि जागा तसूभरहि वाढेना. अर्काइव्ह करणें म्हणजे अडगळ माळ्यावर चढविणें. ती घरांतच राहते. 'डिलीट' केलेलें पत्रहि लगेच नाहींसें होत नाहीं. तें कचरापेटींत तीस दिवस पडून असतें आणि तोंवर जागा धरून ठेवतें. ती पेटी आपल्या हातानें रिकामी करावी. पण त्यापूर्वीं विम्याचे, बँकेचे आणि आयकराचे कागद नीट वेगळे काढून ठेवावेत. या कामीं उतावीळपणा नको.

परंतु पाणी उपसून तळें आटत नाहीं, झरे बुजवावे लागतात. हे झरे कोणीं फोडले? कापडाच्या दुकानीं, चष्मेवाल्याकडे, औषधांच्या दुकानांत, जेथें कोणीं विचारलें तेथें मींच पत्ता सुवाच्य अक्षरांत लिहून दिला होता. ओळखीच्या दुकानाच्या पत्रांत 'अनसबस्क्राइब' असा शब्द असतो, तो दाबला कीं तें दुकान बहुधा गप्प होतें. अनोळखी लबाडाच्या पत्रांत मात्र तो दाबूं नये. दाबल्यास येथें कोणी जागें आहे असें त्यास कळतें. तें पत्र 'स्पॅम' म्हणून बाहेर घालवावें. सूनबाईंनीं खरेदीसाठीं निराळा पत्ता काढून दिला, आणि घरच्या माणसांचीं पत्रें आपोआप एका खणांत पडतील अशी फिल्टरची सोयहि लावून दिली.

तो खण लावतांना आषाढांत एक पत्र सांपडलें. तें चैत्रांतलें होतें. वर मोज्यांवरील सवलत, खालीं कर्जाचें आमंत्रण, आणि मधें माझ्याबरोबर सत्तावीस वर्षें शिकविलेल्या स्नेह्याचें हें पत्र. त्यांनीं लिहिलें होतें : "डाव्या डोळ्याचा मोतिबिंदू पुढील महिन्यांत काढणार आहेत. मुलगा परदेशीं. दोन दिवस येऊन राहाल काय?"

मीं तत्काळ दूरध्वनि केला. डोळा उत्तम झाला होता. पत्र आजच पाहिलें, असें मीं सांगितलें. ते क्षणभर थांबले व म्हणाले, "उत्तर आलें नाहीं, तेव्हां तुम्हांला सवड नसेल असें समजलों." त्यांच्या स्वरांत रोष नव्हता, असता तर मला बोलणें सोपें गेलें असतें.

उजवा डोळा कार्तिकांत आहे. तिथि मीं भिंतीवरील दिनदर्शिकेवर शाईनें लिहून ठेविली असून, जाण्याची तिकिटेंहि काढलीं आहेत.