कोरड्या ओढ्याचा पूर

अहिल्यानगर जिल्हा म्हटला की टँकर, चारा छावण्या आणि पाझर तलाव आठवतात. अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला, तर बहुतेक तालुके पर्जन्यछायेतले. त्यामुळे पूर ही कोल्हापूर-सांगलीची गोष्ट, असा समज इथे पक्का आहे. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस शेवगाव-पाथर्डीत आणि मे २०२५ च्या अखेरीस नगर तालुक्यातल्या खडकी-वाळकी परिसरात काही तासांत गावांत पाणी शिरलं, तरी तो समज टिकून आहे. माझं म्हणणं असं, की ओढा वर्षभर कोरडा असतो म्हणूनच त्याचा पूर अधिक घातक ठरतो. त्याच्या पात्रातून वाट जाते, काठावर गोठे उभे राहतात आणि त्याला घाबरायची सवय कुणालाच उरत नाही.

‘तापलेली जमीन पाणी पिऊन टाकेल,’ असं अनेकांना वाटतं. रिमझिम पावसात ते खरंही असतं. पण हवामान खात्याच्या व्याख्येनुसार ढगफुटीत लहानशा टापूवर तासाला १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. पंचवीस चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर म्हणजे २५ लाख घनमीटर पाणी. गर्भगिरीसारख्या डोंगरउतारांवर मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि काळा पाषाण. एवढं पाणी तासाभरात जिरणार कुठे? ते घळींतून ओढ्यात उतरतं आणि खालच्या गावात ऊन असतानाही लोंढा येऊन थडकतो. पाणी अचानक गढूळ झालं, काडीकचरा आणि फेस वाहू लागला, वरच्या अंगाला घरघर ऐकू आली, की गुरं सोडून देऊन उंचावर जायचं. पात्राच्या कडेकडेने पळण्यात अर्थ नसतो.

सर्वांत मोठा धोका फरशी पुलावर असतो. ‘रोजचा रस्ता आहे, पाणी गुडघ्याएवढंच आहे,’ हा युक्तिवाद तिथे घात करतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, आणि दोन फूट वाहत्या पाण्यात मोटारही तरंगू लागते. फरशी खालून वाहून गेली आहे का, हे गढूळ पाण्यात दिसत नाही. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यातल्या सुगाव बुद्रुकजवळ प्रवरेत शोधकार्य करताना बोट उलटून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तीन जवानांचा मृत्यू झाला. तो पूर नव्हता, पण प्रशिक्षित माणसालाही वाहतं पाणी आवरत नाही, हे त्यातून कळतं. दूध, शाळा, दवाखाना थांबत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. पण लहान ओढ्याचा पूर बहुधा काही तासांत ओसरतो. तेवढं थांबता येतं. उंच पूल बांधणं हे सरकारचं काम आहे आणि ते मागत राहिलं पाहिजे. तोवर प्रत्येक फरशी पुलाच्या दोन्ही टोकांना उंचीचे आकडे लिहिलेले खांब आणि अडसर हवेत, आणि वरच्या गावाने खालच्या गावाला तातडीने फोन करायची पद्धत ग्रामपंचायतींनी ठरवून घ्यायला हवी. अंदाज तालुक्याचा मिळतो. नेमका कोणता ओढा भरला, हे वरच्या गावालाच आधी कळतं.