लहान मत्स्यालयासाठीं वाम कोणती निवडावी?

दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत कांचेची पेटी ठेवून तींत रंगीत मासे पाळण्याची हौस शहरांतील सुशिक्षित घरांना आतां नवी राहिलेली नाहीं. गोड्या पाण्यांतल्या माशांनीं या हौसेची सुरुवात होते. हात बसला म्हणजे खाऱ्या पाण्याकडे ओढ लागते. आणि मग एके दिवशीं विक्रेत्याच्या दुकानांत दगडाच्या फटींतून डोकें बाहेर काढून, तोंड उघडीत आणि मिटीत, येणाऱ्याजाणाऱ्याकडे टक लावून पाहणारा एक लांबोडा प्राणी नजरेस पडतो. तो साप नव्हे, मासाच आहे. वामेच्याच घराण्यांतला हा मासा इंग्रजींत 'मोरे' या नांवानें ओळखला जातो. मुलें हट्ट धरतात, विक्रेता हवें तें आश्वासन देतो, आणि पांच मिनिटांत पाण्याच्या पिशवींतून ती वाम घरीं येते. तिच्या आयुष्याचा निकाल बहुधा याच पांच मिनिटांत लागलेला असतो. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं कांहीं गोष्टी ठाऊक असणें बरें.

मोरे वामांचें कुळ मोठें आहे. शास्त्रज्ञ त्याला मुरिनिडी म्हणतात व त्यांत सुमारें २०० जाती मोजतात. त्यांतील बहुतेक उष्ण प्रदेशांतल्या समुद्रांत, प्रवाळाच्या खडकांत व दगडांच्या कपारींत राहतात. लक्षद्वीप व अंदमान येथील खडकांतहि त्या आढळतात. कोंकणच्या मासळीबाजारांत 'वाम' म्हणून जो मासा येतो, तो निराळ्या कुळांतला, पण याच गणांतला, म्हणजे दूरचा नातलग होय. या कुळांतील एक जात पुरी वाढली तरी २६ सेंटिमीटर, म्हणजे वितीहून थोडी अधिक भरते; तर दुसरी, जिला राक्षसी मोरे म्हणतात, ती ३ मीटर लांब आणि ३० किलो वजनाची होऊं शकते. दुकानांतल्या पेटींत मात्र पहिलीची प्रौढ मादी आणि दुसरीचें पिलूं जवळजवळ सारख्याच लांबीचीं दिसतात. फसगत होते ती येथेंच. आज वाम केवढी आहे हें विचारण्यापेक्षां ती केवढी होणार आहे, हें विचारलें पाहिजे.

ही हौस तशी फार जुनी आहे. प्राचीन रोममधील धनिक लोक समुद्रकांठच्या आपल्या वाड्यांत हौद बांधून त्यांत मोरे वामा पाळीत. लुसियस क्रॅसस नांवाच्या प्रसिद्ध वक्त्यानें आपली लाडकी वाम मेली तेव्हां शोक केला, असें जुने लेखक सांगतात. व्हीडियस पोलियो नांवाच्या दुसऱ्या एका धनिकाची कथा याहून भीषण आहे. त्याच्या एका गुलामाच्या हातून स्फटिकाचा पेला फुटला, तेव्हां त्यानें त्या गुलामाला वामांच्या हौदांत टाकण्याची आज्ञा केली. पण त्या दिवशीं पाहुणा म्हणून आलेल्या ऑगस्टस बादशहानें गुलामाला सोडविलें, घरांतले सारे पेले फोडावयास लावले आणि हौद बुजविण्यास सांगितलें. या कथांतून वामेविषयीं जी भीति निर्माण झाली ती बरीच अवास्तव आहे. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. रोमन लोकांच्या अशा हौदांना समुद्राशीं जोडणारे पाट असत, त्यामुळें भरतीओहोटीबरोबर पाणी आपोआप पालटत असे. दिवाणखान्यांतल्या पेटीला समुद्र जोडतां येत नाहीं. समुद्राचें सारें काम तेथें घरधन्याला करावें लागतें.

वामेची शरीररचना पाहिली म्हणजे तिच्या गरजा आपोआप कळतात. ती सारखें तोंड उघडते व मिटते, ती रागानें नव्हे. कल्ल्यांवरून पाणी खेळवून श्वास घेण्याची ती तिची रीत आहे. तिच्या अंगावर खवले नसतात, केवळ बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो. यामुळें तांब्याचे क्षार असलेलीं औषधें, जीं इतर माशांना दिलीं जातात, तीं तिला अपायकारक होऊं शकतात. छातीचे पर नसल्यानें ती अरुंद फटींतून सापासारखी सरकते. दृष्टि मंद, पण घ्राणेंद्रिय तीव्र. भक्ष्य ती वासानें शोधते. आणि तिच्या घशांत जबड्यांची आणखी एक जोडी असते! पुढल्या जबड्यानें भक्ष्य पकडलें कीं ही मागली जोडी पुढें सरसावून त्याला आंत ओढून नेते. ही क्रिया रीटा मेहता व पीटर वेनराइट या कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं २००७ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत प्रथम उलगडून दाखविली. अशा प्राण्याला हातानें खाऊं घालणें शहाणपणाचें नाहीं, हें निराळें सांगावयास नको.

आतां निवडीचा प्रश्न. बाजारांत ज्या जाती नेहमीं दिसतात, त्यांपैकीं कांहीं प्रथमच बाजूला काढाव्या.

पहिली रिबन वाम. फितीसारखी सडपातळ, लहानपणीं काळी, नर झाला म्हणजे निळी व पिवळी, आणि पुढें तोच नर मादी होऊन बहुतेक पिवळा पडतो. तिच्याइतकी देखणी जात क्वचितच असेल. परंतु पिंजऱ्यांतील कित्येक पक्ष्यांप्रमाणें ती बंदिवासांत अन्न टाकते. दुकानांतून घरीं आलेल्या रिबन वामांपैकीं पुष्कळशा कांहीं आठवड्यांतच उपासमारीनें मरतात. नवशिक्यानें तिला दुरूनच नमस्कार करावा.

दुसरी 'गोड्या पाण्यांतील मोरे' या नांवानें विकली जाणारी. हिचें शास्त्रीय नांव जिम्नोथोरॅक्स टाइल. फ्रान्सिस हॅमिल्टन यानें गंगेच्या माशांवरील १८२२ सालच्या आपल्या ग्रंथांत हिचें वर्णन केलें, म्हणजे ही आपल्याच देशाची रहिवासी. पण ती राहते नदीच्या मुखाशीं, जेथें गोडें व खारें पाणी मिसळतें तेथें. निव्वळ गोड्या पाण्यांत ती कांहीं काळ तग धरते, मग खाणें सोडते व रोगाला बळी पडते. दुकानावरील पाटी वाचून जो तिला गोड्या पाण्याच्या पेटींत सोडतो, तो नकळत तिचा घात करतो.

तिसरी पट्ट्यापट्ट्यांची झेब्रा वाम. स्वभावानें गरीब, खेंकडे खाऊन राहणारी, म्हणून सर्वजण तिची शिफारस करतात. शिफारस खोटी नाहीं. परंतु ती दीड मीटरपर्यंत वाढते. लहान पेटीचा विचार चालला असतां तिचें नांव काढण्यांत अर्थ नाहीं.

मग उरतात त्या मुख्यतः दोन. एक स्नोफ्लेक, म्हणजे एकिड्ना नेब्युलोसा; पांढऱ्या अंगावर काळे नक्षीदार ठिपके आणि त्यांत पिवळ्या छटा असलेली. ती समुद्रांत एक मीटरपर्यंत जाते, पेटींत बहुधा ६० ते ७० सेंटिमीटरवर थांबते. तिचे दांत सुरीसारखे नसून बोथट, खेंकड्याचें कवच फोडण्याजोगे असतात. त्यामुळें बऱ्यापैकीं मोठ्या माशांशीं तिचें सहसा जमतें. पेटींतल्या कोळंब्या व खेंकडे मात्र तिच्या पोटांत जाणार, हें गृहीत धरावें. खाण्याच्या बाबतींत ती हट्टी नाहीं, आणि नीट ठेवली तर दहा वर्षें व त्याहूनहि अधिक जगते. तिला निदान तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी पेटी लागते. अशा पेटींत सुमारें १९० लिटर पाणी मावतें. म्हणजे नुसतें पाणीच दोनशें किलोंच्या घरांत जातें. कांच व दगड यांचा भार वेगळा. साध्या टेबलावर ती ठेवतां येणार नाहीं.

दुसरी सोनेरी बुटकी वाम, जिम्नोथोरॅक्स मेलाट्रेमस. वर जी २६ सेंटिमीटरांची जात सांगितली ती हीच. दोन फूट लांब आणि सव्वा सव्वा फूट रुंद व उंच अशा, ९० लिटरांच्या आसपास पाणी मावणाऱ्या पेटींत ती सुखानें राहूं शकते. खऱ्या अर्थानें 'लहान' म्हणतां येईल अशा पेटीसाठीं हीच एक निवड प्रामाणिक आहे. मात्र ती महाग असते, क्वचित मिळते, आणि दिवसाचा बराच वेळ दगडाआड दडून बसते. पाहुण्यांना दाखविण्यासाठीं मासा हवा असेल, तर ती निराशा करील. संयमानें पाहणाऱ्याला मात्र ती हळूहळू ओळख देते.

जात ठरली तरी वाम घरीं आणण्याची घाई करूं नये. पेटी भरल्यावर चार ते सहा आठवडे ती माशांवांचून चालवावी लागते. वामेच्या मळांतून अमोनिया निघतो व तो विषारी असतो. पाण्यांत व दगडांवर वाढणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात. पहिलीं दोन द्रव्यें मोजून शून्यावर येईपर्यंत वाट पाहणें हाच पहिला नियम. नायट्रेट मात्र साठत राहतें; तें कमी ठेवण्यासाठीं नेमानें कांहीं पाणी पालटावें लागतें. वाम मांसाहारी व खादाड असल्यामुळें गाळणीयंत्र नेहमींपेक्षां दमदार असावें. खारें पाणी स्वयंपाकाच्या मिठानें होत नाहीं. समुद्राच्या पाण्यांत दर लिटरला सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात व त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादि असतात. म्हणून मत्स्यालयासाठीं तयार केलेलें मिश्रणच वापरावें. उष्णमान २४ ते २७ अंश सेंटिग्रेड असावें. मुंबईच्या उन्हाळ्यांत हें आपोआप साधत नाहीं. पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा खर्च आधींच हिशोबांत धरावा. वामेला सर्वांगानें शिरून बसतां येईल अशा एकदोन बोगद्यांची रचना दगडांनीं किंवा जाड नळीच्या तुकड्यांनीं करावी, आणि दगड पेटीच्या तळावर पक्के बसवून मगच वाळू पसरावी. नाहीं तर वाम वाळू उकरते व दगड ढासळतात. सजावटीसाठीं समुद्रांतून प्रवाळ आणण्याचा मोह मात्र टाळावा. वन्यजीव संरक्षण कायद्यानें २००१ सालापासून खडक बांधणाऱ्या प्रवाळांना संरक्षण दिलेलें आहे.

सर्वांत अधिक वामा मरतात त्या रोगानें नव्हे, तर उघड्या झांकणामुळें, असें अनुभवी लोक म्हणतात. रात्रीं ती पेटींत हिंडते, आणि नळीसाठीं ठेवलेल्या दोन बोटांच्या भोकांतूनहि बाहेर निसटते. पाण्याबाहेर कांहीं काळ ती जिवंत राहते. स्नोफ्लेक तर जमिनीवरहि भक्ष्य पकडून गिळूं शकते, हें २०२१ सालच्या एका अभ्यासांत दिसून आलें. परंतु सकाळीं कोचाखालीं वाळून पडलेली वाम सांपडली, तर त्या गुणाचा उपयोग काय? म्हणून झांकण जड असावें, आणि प्रत्येक भोंक जाळीनें बंद करावें.

आहार आठवड्यांतून दोनतीनदां पुरे. कोळंबी, माकूळ, खेंकडा, समुद्रांतल्या माशांचे तुकडे, असें आलटूनपालटून, लांब चिमट्यानें किंवा काठीनें द्यावें. गोड्या पाण्यांतले जिवंत मासे देऊं नयेत. गोल्डफिशसारख्या कित्येकांत ब १ जीवनसत्त्व नष्ट करणारें द्रव्य असतें. नवी वाम कांहीं दिवस, कधीं कधीं कांहीं आठवडेहि, खात नाहीं. तेवढ्यानें घाबरूं नये. घरांत लहान मुलें असतील, तर पेटींत हात घालण्याची परवानगी कोणालाच नसावी. वाम वाईट स्वभावाची नसते, पण कोळंबीचा वास लागलेलें बोट आणि कोळंबी यांत तिला फरक कळत नाहीं.

दुकानांत गेल्यावर विक्रेत्याला एकच विनंती करावी: 'समोर खाऊं घालून दाखवा.' जी वाम दुकानांत खाते, ती घरींहि खाण्याचा संभव अधिक. अंगावर जखमा, पांढरे डाग, खोल गेलेलें पोट दिसलें, तर परत फिरावें. ती कोठून व कशी पकडली, हेंहि विचारावें. फिलिपाइन्स व इंडोनेशिया येथें मासे सायनाइडनें गुंगवून पकडण्याची बंदी असलेली रीत दीर्घकाळ चालत आली. असा मासा दुकानांत टवटवीत दिसला, तरी पुढें दगावण्याचा संभव असतो. शिवाय मोरे वामांची व्यापारी पैदास होत नाहीं. त्यांचीं पानासारखीं पातळ, पारदर्शक पिलें दीर्घकाळ खुल्या समुद्रांत तरंगत वाढतात. म्हणजे दुकानांतली जवळजवळ प्रत्येक वाम समुद्रांतून उचललेली असते. ती मेली, तर तिच्या जागीं दुसरी समुद्रांतूनच येणार.

आणि उद्यां ती पेटीला भारी झाली तर? जवळच्या खाडींत किंवा समुद्रांत सोडून देणें हा उपाय नव्हे. हिंदी व पॅसिफिक महासागरांतला सिंहमासा १९८५ सालीं फ्लोरिडाजवळ प्रथम आढळला. मत्स्यालयांतून सोडलेल्या माशांपासून त्याची सुरुवात झाली असावी असें मानतात, आणि आज तो अटलांटिकच्या मोठ्या भागांत तेथल्या माशांच्या मुळावर आला आहे.

यावरून निष्कर्ष सरळ निघतो. तीन फुटांची पेटी, थंड पाणी आणि दहा वर्षांची तयारी असेल, तर स्नोफ्लेक. दोन फुटांची असेल, तर सोनेरी बुटकी. आणि त्याहून लहान असेल, तर वाम मुळींच नको. अशा पेटींत कृत्रिम पैदाशींतून आलेली क्लाउन माशांची जोडी आनंदानें नांदते, आणि ती पाहतांना घरांतल्या मुलांना समुद्राविषयीं जें कळावयाचें तें पुष्कळसें कळतें. वाम न घेण्याचा निर्णयहि निवडच आहे, आणि कित्येक घरांसाठीं ती सर्वांत चांगली निवड ठरते.