गौरीची चोळी आणि सासूबाईंची पैठणी

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौरी घरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजा-नैवेद्य स्वीकारतात आणि मूळ नक्षत्रावर माघारी निघतात. त्यांच्या आगमनापूर्वी घाटकोपर-मुलुंडच्या चाळींतून आणि बोरिवलीच्या सदनिकांतून शिवणयंत्रांची घरघर ऐकू येऊ लागते. कीर्तनसेवेच्या निमित्ताने पंढरपुराहून या उपनगरांत माझे येणे होते. गतवर्षी मुलुंडला आरती आटोपल्यावर एक वृद्ध माउली सासूबाईंची पैठणी घेऊन पुढे आल्या. पैठणी घड्यांवर पार विरली होती. "बुवा, ही कापून गौरीची चोळी आणि चौरंगाचे आसन शिवले, तर सासूबाईंचा अवमान होईल का?"

सोवळ्यात शिवलेले वस्त्र चालत नाही, हे खरे. म्हणून तर आपण धोतर-उपरणे नेसतो. परंतु हा नियम पूजकाचा आहे, सुईचा निषेध नव्हे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातील बत्तिसाव्या सूक्तात पौर्णिमेची देवता राका हिला, न तुटणाऱ्या सुईने आपले कर्म शीव, अशी प्रार्थना केली आहे. चौसष्ट कलांत सूचीकर्म आहेच. आणि ज्यांच्या पायरीवर मस्तक ठेवून आम्ही विठ्ठलमंदिरात जातो, ते नामदेवराय शिंपी कुळातील! मी म्हणालो, "पेटीत ठेवून ती आणखी विरणार. कापा, मात्र पदर आणि काठ अखंड राखा."

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. अस्तरासाठी घेतलेले नवे सुती कापड रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करूनच बेतावे. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटू शकते. म्हणजे चार मीटरांत बारा ते वीस सेंटिमीटर गेले. माझ्या एका बाराबंदीचे शिवणाऱ्याने हे केले नाही, आणि पुढे कीर्तनात हात उंचावला की श्रोत्यांचे लक्ष अभंगापेक्षा माझ्या मनगटाकडे जाऊ लागले. जुने रेशीम मात्र घरी भिजवू नये. रंग एकमेकांत उतरतात.

विरलेल्या रेशमावर यंत्राची बारीक टीप घालू नये. सुईच्या छिद्रांची रांग लागली की कापड त्याच रेघेवर फाटते. पदर अस्तरावर पसरून, रेशमी दोऱ्याने हातानेच सैल धावदोरा घालावा. दोरा ओढून ताणला तर चुणी पडते. चोळीच्या खणाला यंत्र चालेल: पातळ कापडाला ११ क्रमांकाची सुई, मध्यम कापडाला १४, आणि जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची असेल तर १६. चोळीची बाही आणि पाठ उभ्या धाग्यावर बेतावी; गळ्याच्या गोलाईला मात्र तिरक्या कापलेली पट्टीच लावावी, कारण ती वळते, सरळ पट्टी वळत नाही. काखेतील शिवणीत दोन बोटे कापड राखावे. पुढील वर्षी गौरीचा सांगाडा बदलला तर उसवून वाढवता येते.

निऱ्यांना टाचण्या लावण्याची घाई सर्वत्र दिसते. पण उपनगरांतील भाद्रपदाची हवा दमट. लोखंडी टाचणी गंजते आणि तिचा डाग रेशमावरून जाता जात नाही. निऱ्यांना लांब टाक्यांचा कच्चा धावदोरा घालावा, तोही विरुद्ध रंगाच्या दोऱ्याने, म्हणजे विसर्जनानंतर दिसतो आणि गाठ कापून एका ओढीत निघतो. नंतर वस्त्र सावलीत वारा देऊन मलमलीत गुंडाळावे. डांबराच्या गोळ्या जरीला चिकटून ठेवू नयेत, जर काळवंडते. आणि पुढील भाद्रपदापर्यंत दोन-तीन वेळा घडी मोडून नव्या ठिकाणी घालावी. त्या पैठणीचे विरणे घड्यांवरच सुरू झाले होते.

माउलींनी पदराचे आसन केले, काठाचे तोरण केले. उरलेल्या विरल्या तुकड्यांतून धड असा हातभर भाग निघाला, त्याची त्यांनी गौरीची नव्हे, नातीच्या बाहुलीची चोळी शिवली.