पृच्छेतून विद्या

पंडिता रमाबाई इ. स. १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि तेथील लोकस्थितीचे व आपल्या प्रवासाचे वृत्त त्यांनी १८८९ साली मराठीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. लहान मुलांस खेळांतून शिकविण्याची बालोद्यानपद्धती त्या स्वतः तेथे शिकल्या. त्या देशातील शाळांत त्यानंतर पुष्कळ स्थित्यंतरे झाली. त्यांपैकी एका प्रकारच्या शाळेची माहिती आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

ह्या शाळांस तेथे ‘चार्टर स्कूल’ म्हणतात. चार्टर म्हणजे सनद. मिनेसोटा संस्थानाने १९९१ साली ह्याविषयी पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात अशी पहिली शाळा उघडली. सनदेची शाळा सार्वजनिक पैशावर चालते. मुलांकडून शिक्षणाची फी घेतली जात नाही. जागांपेक्षा अर्ज अधिक आले, तर चिठ्ठ्या टाकून प्रवेश ठरवितात. अभ्यासक्रम व वेळापत्रक आखण्याच्या कामी शाळेस बरेच स्वातंत्र्य असते. परंतु सनद ठराविक मुदतीची असते, आणि शाळेने अंगीकृत काम नीट केले नाही, तर ती काढून घेता येते. तात्पर्य, स्वातंत्र्य आहे, पण त्याचा हिशेब द्यावा लागतो.

वॉशिंग्टन शहरात सार्वजनिक शाळांतील सुमारे निम्मी मुले अशाच शाळांत जातात. तेथे २००८ साली ‘यू यिंग’ नावाची एक सनदेची प्राथमिक शाळा निघाली. ह्या चिनी नावाचा अर्थ गुणवंतांचे संगोपन असा आहे. तीत मुले इंग्रजी व चिनी अशा दोन्ही भाषांतून सर्व विषय शिकतात. तिचा अभ्यासक्रम मात्र चिनीही नाही आणि अमेरिकनही नाही. तो आंतरराष्ट्रीय आहे. त्याचे मूळ पाहण्यास आपणांस जिनीव्हा येथे जावे लागेल.

पहिल्या महायुद्धानंतर जिनीव्हात राष्ट्रसंघाची कचेरी आली, आणि तेथील नोकरवर्गाच्या मुलांसाठी १९२४ साली एक आंतरराष्ट्रीय शाळा स्थापन झाली. नाना देशांची मुले एका बाकावर बसू लागली. पण पुढे प्रश्न आला : ह्या मुलांनी कोणत्या देशाची परीक्षा द्यावी? कोणत्याही देशाच्या विद्यापीठात मान्य होईल अशी परीक्षा हवी, ह्या निकडीतून १९६८ साली जिनीव्हा येथेच ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ ही संस्था उदयास आली. तिने तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी १९९७ मध्ये प्राथमिक अभ्यासक्रम काढला. पृच्छा, म्हणजे प्रश्न करून शोध घेणे, हा त्याचा पाया होय. ही कल्पना अगदी नवी नव्हे. जॉन ड्यूई ह्यांनी १८९६ साली शिकागो येथे अशाच विचाराने एक प्रयोगशाळा चालविली होती. हेच ड्यूई पुढे कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांचे गुरू झाले, ही गोष्ट आपणांस अभिमानाची आहे.

ह्या अभ्यासक्रमात गणित, भाषा, विज्ञान हे विषय आहेतच. परंतु त्यांस एकत्र गुंफणारी सहा सूत्रे आहेत. आपण कोण आहोत. स्थळकाळात आपण कोठे आहोत. आपण आपले मनोगत कसे व्यक्त करतो. जगाचे व्यवहार कसे चालतात. आपण आपली व्यवस्था कशी लावतो. आणि ही पृथ्वी आपण सर्वांनी वाटून कशी घ्यावी.

उदाहरणार्थ, शेवटच्या सूत्राखाली वर्गाने ‘पाणी’ हा विषय घेतला, असे समजू. वॉशिंग्टनचे पाणी पोटोमॅक नदीतून येते. शिक्षक प्रथम व्याख्यान देत नाहीत. मुलांस काय ठाऊक आहे आणि काय जाणून घ्यावयाचे आहे, ते फळ्यावर लिहून घेतात. मग मुले गढूळ पाणी वाळूतून गाळून पाहतात, घरी किती पाणी लागते ते मोजून कोष्टक करतात, नदीचा नकाशा काढतात, आणि दुष्काळी देशातील मुलास पाणी कसे मिळते ते वाचतात. कोष्टकात गणित आले, नकाशात भूगोल आला, वृत्तान्त लिहिण्यात भाषा आली. शेवटी, कळले त्याप्रमाणे आपण काय करणार, हेही मुलांस ठरवावे लागते. शेवटच्या वर्षी मुले स्वतः एक प्रश्न निवडून, त्याचा दीर्घ शोध घेऊन, तो पालकांसमोर प्रदर्शनरूपाने मांडतात.

येथे पालक विचारतील, आणि त्यांनी विचारावेच, की अशाने पाढे व शुद्धलेखन येईल काय? ही शंका रास्त आहे. पाढे पाठ नसलेले मूल पाण्याचा हिशेब करू शकत नाही, आणि ज्यास वाचता येत नाही, त्याचा शोध दारातच थांबतो. म्हणूनच अमेरिकेत सनदेच्या शाळांतील मुलांसही तिसरीपासून आठवीपर्यंत दरसाल वाचनाची व गणिताची सरकारी परीक्षा द्यावी लागते. पृच्छा ही पाठांतराची वैरीण नव्हे. पाठ केलेले कोठे उपयोगी पडते, ते ती दाखविते. मात्र तिच्यात शिक्षकाचे श्रम कमी न होता दुप्पट होतात, कारण मुलाचा प्रश्न कोणत्या वाटेने जाईल, हे त्यास आधी ठाऊक नसते.

ह्या ठिकाणी आम्हांस आमची एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी भूगोलाच्या तासास एका मुलाने विचारले, “नदी आटली, तरी आमच्या विहिरीस पाणी कोठून येते?” परीक्षा जवळ आली होती आणि धडे उरले होते. “हे परीक्षेस नाही, खाली बस,” असे आम्ही म्हणालो. तो बसला. त्या वर्षी त्याने पुन्हा प्रश्न केला नाही. भूगोलात तो उत्तीर्ण झाला. पण आम्ही आमच्या परीक्षेत उतरलो नाही, असे आम्हांस अजून वाटते. तासाभरात त्यास विहिरीपाशी नेऊन, मुरमातून व खडकाच्या भेगांतून पाणी कसे झिरपते, हे दाखविता आले असते.

आता एक खेदाची गोष्ट. मुंबई-पुण्याकडेही ह्या अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत. परंतु त्यांपैकी बहुतेक खासगी असून त्यांची फी सामान्य कुटुंबास झेपणारी नाही. वॉशिंग्टनच्या शाळेत फी नाही, तरी चिठ्ठी न निघालेली मुले बाहेर राहतातच. उत्तम शिक्षण पैशाने मिळावे किंवा नशिबाने मिळावे, हे दोन्ही ईश्वराच्या लेकरांच्या बाबतीत न्याय्य नव्हे. तथापि त्या शाळेचे सारसर्वस्व जे पृच्छा, तिला फी पडत नाही आणि चिठ्ठीही लागत नाही. एक फळा, एक विहीर, आणि “मला ठाऊक नाही, चला, शोधू या,” असे म्हणण्याचे धैर्य असलेला शिक्षक, एवढ्यावर ती आपल्या शाळेतही सुरू करता येते.

आमचा प्रभू बारा वर्षांचा असता मंदिरात विद्वानांमध्ये बसला होता, हे आपण जाणतो. तो त्यांचे ऐकत होता आणि त्यांस प्रश्नही करीत होता. त्या वृद्धांनी त्यास गप्प बसविले नाही. तेव्हा पालकहो, घरी मुलाने प्रश्न केला, तर त्यास क्षणभर वेळ द्यावा. आणि विद्यार्थ्यांनो, प्रश्न अवश्य करा. मात्र प्रश्न करून स्वस्थ बसू नका, उत्तराच्या शोधार्थ स्वतः पावले उचला. आणि तो विहिरीचा प्रश्न ज्याने केला होता, त्यास हा लेख वाचावयास मिळाला, तर त्याने एकवार अवश्य भेटावे. त्याचे उत्तर आमच्याकडे अद्याप देणे आहे.