बिनपरवाना लहरी व घड्याळांचा मेळ

पाटाच्या पाण्याची शेजपाळी ठरलेली नसली म्हणजे काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पाणी पुरेसें असूनही भांडणांत व नासाडींत अर्धें जातें. बिनतारी यंत्रांचेंही तसेंच आहे. हल्लीं कित्येक बागाइतदार जमिनींतील ओल मोजणारीं व ठिबकाचे व्हॉल्व्ह उघडणारीं यंत्रें घेऊं लागले आहेत. पल्ला किती व बॅटरी किती टिकेल, एवढें विचारलें जातें. परंतु यंत्राचें घड्याळ कोणाशीं व कसें मिळतें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें तो प्रश्न आधीं विचारावयास पाहिजे.

भारतांत ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ सालीं कमी शक्तीच्या यंत्रांकरितां परवान्यावांचून खुला झाला. परवाना नाहीं म्हणून फी नाहीं; तसाच राखणदारही नाहीं. गायरानाप्रमाणें ही जागा सर्वांची. दोन यंत्रें एकाच वेळीं एकाच लहरीवर बोललीं तर एकाचा किंवा दोघांचाही निरोप फुकट जातो.

हवाई विद्यापीठांत नॉर्मन अब्रॅमसन यांनीं १९७० सालीं ह्याचें गणित मांडलें. ज्यानें त्यानें वाटेल तेव्हां बोलावें अशी रीत ठेविली तर लहरीचा फार तर शेंकडा १८ भाग उपयोगीं लागतो. १९७२ सालीं लॉरेन्स रॉबर्ट्स यांनीं सुचविलें कीं, वेळेचे सारखे तुकडे पाडावे व तुकड्याच्या आरंभींच बोलावें. एवढ्यानें तें प्रमाण शेंकडा ३७ च्या आसपास गेलें. कारण उघड आहे. निरोपास एक सेकंद लागत असेल, तर तो सुरू होण्याच्या आधींचा एक व नंतरचा एक, अशा दोन सेकंदांत दुसऱ्यानें तोंड उघडलें तरी टक्कर होते. तुकडे पाडले असतां धोका एकाच सेकंदाचा राहतो.

मात्र तुकडे पाळावयाचे तर घड्याळें जुळलीं पाहिजेत. साध्या स्फटिकाच्या घड्याळांत दहा लाख सेकंदांस २० सेकंदांची चूक असणें नवल नव्हे. म्हणजे दिवसास पावणेदोन सेकंद व महिन्यास सुमारें ५२ सेकंद. उष्णमान बदललें कीं चूकही बदलते.

शेतकीच्या यंत्रांत लोरावॅन ही रीत बरीच चालते. तिच्यांत तीन वर्ग आहेत. 'ए' वर्गाचें यंत्र एरवीं निजलेलें असतें. स्वतः निरोप धाडल्यावर साधारणतः १ सेकंदानें व पुनः २ सेकंदांनीं क्षणभर कान उघडतें. इतक्या अल्प काळांत घड्याळ चुकत नाहीं व बॅटरीही वांचते. परंतु तें तासांतून एकदां बोलत असेल, तर आपला हुकूम तासभर खोळंबूं शकतो. 'बी' वर्गांत गेटवे नांवाचें मुख्य ठाणें जीपीएस उपग्रहांच्या वेळेबरहुकूम दर १२८ सेकंदांनीं खूण धाडतें. यंत्र तीवरून घड्याळ लावतें व ठरल्या वेळीं कान उघडतें. दोन खुणांमधील चूक सेकंदाच्या चारशेव्या हिश्श्याएवढीच असते. खूण चुकली तरी कान अधिक वेळ उघडा ठेवून तें २ तास निभावतें. 'सी' वर्गाचें यंत्र बोलत नसतांना नेहमीं ऐकत असतें. त्यास विजेचा कायम पुरवठा लागतो.

यावरून तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. ओल मोजण्यास 'ए' वर्ग पुरे. मात्र सर्व यंत्रें एकाच ठोक्यास बोलणार नाहींत, प्रत्येकाची वेळ थोडी मागेंपुढें असेल, अशी तजवीज करून घ्यावी. दूरच्या व्हॉल्व्हास बॅटरी असेल तर 'बी', वीज असेल तर 'सी' वर्ग घ्यावा. 'बी' घेण्यापूर्वीं आपलें ठाणें ती खूण धाडतें कीं नाहीं हें पाहावें. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 'उघड' व 'बंद कर' असे दोन हुकूम न देतां 'चाळीस मिनिटें चाल' असा एकच द्यावा. चाळीस मिनिटांत त्याचें घड्याळ सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याइतकेंही चुकत नाहीं. पण 'बंद कर' हा निरोप टकरींत हरवला, तर रात्रभर पाणी वाहून खत मुळांखालीं जातें व विहीर उपसते. जें यंत्र हा एक हुकूम पाळूं शकत नाहीं, तें स्वस्त मिळालें तरी घेऊं नये.